सेफ्टी पिनांची बाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन प्रकारची गर्दी रस्त्यावर येते. एक मोठ्यांची. जुन्या शहरातून काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत निघतात. त्यांच्याबरोबर बांबू, रद्दी कागद आणि टाकाऊ कपडे यांतून उभारलेले बडगे असतात. दुसरी गर्दी लहानांची. तो तान्हा पोळा. लाकडी बैलाला दोरी बांधून मुले आपापल्या वस्तीत जमतात, आणि आता बहुतेक ठिकाणी त्या निमित्ताने वेशभूषा स्पर्धाही होते. बेसा परिसरात शेते मागे हटून ले-आऊट व फ्लॅट स्कीम आल्या, तरी हा सण टिकला आहे. सर्व धर्मांची मुले त्यात असतात. आपल्या कुटुंबांतलीही असतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून आम्हांला बोलावण्यात आले. त्या दिवशी आमच्या हातून जो निर्णय झाला, तो चुकीचा होता असे आज आमचे मत आहे. ती चूक केवळ गुणांच्या बेरजेची नव्हती. ती पाहण्याची होती. समीक्षा म्हणजे अखेर नीट पाहणेच असल्याने, त्या चुकीची चर्चा या पानांवर करणे आम्हांला योग्य वाटते.

आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा ‘शहेनशाह’ होऊन आला होता. टिनू आनंद दिग्दर्शित हा चित्रपट १९८८ सालचा. म्हणजे आवड मुलाची नव्हे, वडिलांची असावी हे उघड होते. अमिताभ बच्चन यांनी त्यात घातलेले काळे चामडी जॅकेट आणि त्याची पोलादी जाळीची एक बाही चित्रपट पाहिलेल्यांच्या स्मरणात आहे. मुलाचे जॅकेट जुन्या काळ्या रेनकोटचे होते. कॉलर ताठ राहावी म्हणून आत पुठ्ठा घातला होता. हातातला फास कपडे वाळत घालायच्या दोरीचा, दाढी कापसाची. आणि बाही? ती सेफ्टी पिनांची होती. एका पिनेत दुसरी, दुसरीत तिसरी अशा ओवून मनगटापासून खांद्यापर्यंत जाळी विणलेली. टोचू नये म्हणून आत जुन्या बनियनचे अस्तर.

हे सारे तपशील आम्हांला नंतर कळले. मंचावरच्या खुर्चीतून दिसला तो एक अंगाला ढगळ होणारा रेनकोट आणि एका हातावर काही चकचकणारे. पहिले बक्षीस आम्ही भाड्याने आणलेल्या स्पायडरमॅनच्या पोशाखाला दिले. तो नीटनेटका होता, अंगाला बेतशीर बसत होता आणि ‘हुबेहूब’ होता. कार्यक्रम आटोपल्यावर तो शहेनशाह आमच्याजवळ आला. तक्रार करायला नव्हे. त्याने हात हलवला आणि विचारले, “काका, माझ्या बाहीचा आवाज तुम्हाला ऐकू आला काय?” आला नव्हता. आम्ही दूर बसलो होतो. मग त्याची आई म्हणाली की कामावरून आल्यावर रोज रात्री दोघांनी मिळून पिना ओवल्या, आणि मध्येच पिना संपल्या तेव्हा साडीच्या पिनाही त्यात गेल्या.

प्रश्न असा की, ‘हुबेहूब’ या शब्दाने आपण नेमके काय मोजतो?

चित्रपटातील पोशाख हा मुळात नेहमीच्या अर्थाने कपडा नव्हेच. तो कॅमेऱ्यासाठी केलेला असतो. दुरून पाहताना त्याची आकृती ओळखू आली पाहिजे, जवळून पाहताना त्याने पात्राचे आयुष्य सांगितले पाहिजे, आणि तो घालून नटाला धावता-पडता आले पाहिजे. शहेनशाहच्या जॅकेटची कल्पना या दृष्टीने पाहावी. दिवसा लाचखोर आणि भित्रा दिसणारा पोलीस अधिकारी रात्री वेगळाच माणूस होतो. दिवसाचा मऊपणा आणि रात्रीचे पोलाद यांची फारकत त्या एका बाहीने डोळ्यांना दिसते. ज्या मुलाने (किंवा त्याच्या आईने) रेनकोट साधा ठेवून सारी मेहनत बाहीवर खर्च केली, त्याने त्या पोशाखाचा गाभा अचूक ओळखला होता. नक्कल करणाऱ्याला आधी निवड करावी लागते: काय ठेवायचे, काय सोडायचे. ही निवड म्हणजेच समीक्षा. भाड्याचा पोशाख आणणाऱ्याच्या वतीने ती निवड कारखान्यात आधीच झालेली असते.

शिवाय जिची नक्कल करायची ती मूळ वस्तू तरी कितपत निर्दोष असते? ‘दीवार’ (१९७५) मधील अमिताभ यांचा निळा सदरा आणि त्याच्या टोकांना मारलेली गाठ तरुणांनी पुढे वर्षानुवर्षे गिरवली. खुद्द अमिताभ यांनीच सांगितले आहे की शिंप्याने सदरा गरजेपेक्षा लांब शिवला होता आणि चित्रीकरण तर लगेच सुरू व्हायचे होते, म्हणून गाठ मारून वेळ निभावली. एका शिंप्याची चूक देशाची फॅशन झाली. तेव्हा रेनकोटच्या ढगळपणाचे गुण कापण्यापूर्वी आम्ही थोडे थांबायला हवे होते.

या कलेतले सर्वांत मोठे मराठी नाव भानू अथय्या यांचे. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या भानूताईंना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी ते सन्मानचिन्ह सांभाळण्यासाठी अकादमीकडे परत सोपविले आणि २०२० साली त्यांचे निधन झाले. त्या चित्रपटात डोळे दिपविणारे वस्त्र जवळजवळ नाही. सुटाबुटातला बॅरिस्टर हळूहळू एका पंचापर्यंत येतो, आणि हा सारा प्रवास कपड्यांतून दिसतो. वेशभूषेचे मोल कापडाच्या किमतीत नसून त्यामागच्या निरीक्षणात असते, याला यापेक्षा मोठा दाखला नको.

आमचे डोळे मात्र उघडले ते एका माहितीपटाने. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा सुमारे तासाभराचा माहितीपट २००८ साली तयार झाला आणि २०१२ साली आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. तो आम्ही या स्पर्धेनंतर पाहिला. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. क्रेन नव्हती, तर बैलगाडीचा उपयोग केला. ट्रॉली नव्हती, तर सायकल घेतली. पुढे त्यांनी सुपरमॅन करायचे ठरविले, आणि माहितीपट त्या चित्रीकरणाच्या पाठोपाठ जातो. सुपरमॅन झाला होता शफीक नावाचा यंत्रमागावरचा एक सडपातळ कामगार.

त्याचा पोशाख पाहावा. निळे अंगवस्त्र, लाल झगा, आणि लाल आखूड विजारीची समोर लोंबणारी नाडी. १९७८ च्या हॉलिवूडच्या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या देहावर बसलेला पोशाख आणि हा पोशाख यांत साम्य केवळ रंगांचे. तरीही प्रेक्षक क्षणात ओळखतो, आणि पुढच्याच क्षणी हसतो. हे हसू कोणावर आहे? येथे दिग्दर्शिकेचे कौशल्य दिसते. ती शफीककडे बोट दाखवून आपल्याला हसवीत नाही. नासिर आणि त्यांचे सोबती स्वतःच ठरवून हसवीत आहेत, हे ती आपल्याला हळूहळू कळू देते. ती नाडी विसरून राहिलेली नाही; ती विनोदाचा भाग आहे. जगाचे रक्षण करणारा वीर आपल्या गल्लीतला असता तर त्याच्या विजारीला इलॅस्टिक असते की नाडी, एवढा साधा प्रश्न ती विचारते. उड्डाणासाठी मागे हिरवे कापड लावले जाते, एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो, तरी काम थांबत नाही. शफीकच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र विनोदाचा भाग नाही. तो खरा आहे. हा तरुण पुढे लहान वयातच कर्करोगाने गेला, हे ठाऊक असलेल्याला ती दृश्ये सहजपणे पाहवत नाहीत.

सुपरमॅनचे मूळ घर तरी कोणते होते? १९३८ साली तो प्रथम छापला गेला, पण त्याची जडणघडण अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे दोन गरीब ज्यू कुटुंबांतल्या मुलांनी केली होती. चित्रे काढणाऱ्या जो शूस्टरचे वडील शिंपी होते, आणि कागद विकत घेण्याची ऐपत नसल्याने जो भिंतीला लावायच्या कागदाच्या टाकाऊ तुकड्यांवरही चित्रे काढी. म्हणजे जगातला सर्वांत बलवान वीर घरातल्या रद्दीतूनच जन्मला. शफीकच्या अंगावर तो एका अर्थी आपल्याच घरी परत आला.

माहितीपटात एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. नायिकेसाठी या मंडळींना बाहेरची नटी शोधावी लागते, कारण गावातल्या स्त्रिया पडद्यावर येत नाहीत. हे चित्र प्रामाणिकपणे येते. परंतु पडद्यामागच्या, घरातल्या स्त्रियांकडेही कॅमेरा फारसा वळत नाही. पुरुषांच्या स्वप्नाचा भार घरात कोणी वाहिला, हे अंदाजानेच समजून घ्यावे लागते. बेशातल्या त्या आईची भेट झाल्यामुळेच ही उणीव आम्हांला अधिक बोचली असावी.

याच कथेवर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२५ साली प्रदर्शित झाला. वरुण ग्रोव्हर यांचे लेखन संयत आहे. शफीकच्या भूमिकेत शशांक अरोरा मनाला चटका लावतात. मैत्री आणि मृत्यू यांना या चित्रपटाने जी जागा दिली, ती माहितीपटात नव्हती. तरी एक विरोधाभास राहतोच. येथे अनुभवी व्यावसायिकांनी साधनसंपन्न निर्मितीत तो ओबडधोबड पोशाख पुन्हा घडविला आहे. नकलेची ही नक्कल निर्दोष आहे, आणि म्हणूनच तिच्यात ती मूळची धडपड नाही. माहितीपटातली नाडी परिस्थितीने दिली आणि विनोदाने स्वीकारली. कथापटातली नाडी कोणीतरी बैठकीत मंजूर केली. हा चित्रपटाचा दोष नव्हे, ही त्या मार्गाची मर्यादा आहे.

आमच्या मताला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कायदा हाती घेणाऱ्या नायकाचे कौतुक मुलांना शिकवावे काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घरात बसून मुलाशी बोलण्यात आहे. पोशाख जप्त करण्यात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा गरिबीचा गौरव तर नव्हे? तसे होऊ नये. ज्या आईबापांना वेळ नाही आणि म्हणून जे भाड्याचा पोशाख आणतात, ते दोषी नाहीत. त्या स्पायडरमॅन झालेल्या मुलाचाही आनंद खराच होता. शफीकला चांगला कपडा आणि बरी मजुरी मिळती, तर आम्हांला आनंदच झाला असता. आमचे म्हणणे एवढेच की, हाताने केलेल्या वस्तूत जे पाहणे आणि जो वेळ ओतलेला असतो, तो न दिसणे हा पाहणाऱ्याचा दोष आहे.

आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. नाताळच्या नाटुकल्यात डोक्याला टॉवेल बांधलेले मेंढपाळ, पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून केलेले ज्ञानी पुरुषांचे मुकुट, आईच्या निळ्या ओढणीतली मरिया हे सारे आपण पाहत वाढलो. अलीकडे तेही पोशाख तयार मिळतात. ते सुबक असतात, आणि एका नाटुकल्यातली मरिया दुसऱ्यापासून वेगळी ओळखू येत नाही. पूर्वी टॉवेल कोणाच्या घरचा आहे हे अख्ख्या सभागृहाला माहीत असे.

म्हणून एक लहानशी सूचना. वेशभूषेच्या गुणपत्रिकेत ‘घरी केलेले’ असा एक रकाना असावा, आणि परीक्षकांनी मंचावरच्या खुर्चीतून उठून मुलांमध्ये जावे. कापड हाताने चाचपावे, हे कसे केले म्हणून विचारावे, ऐकून घ्यावे. आम्हांला पुन्हा कोणी बोलावले तर आम्ही हेच करू.

त्या मुलाला आम्ही त्या दिवशी पुन्हा हात हलवायला सांगितले. कान जवळ नेला. पिना एकमेकींवर आपटून बारीक किणकिण झाली. “आला,” आम्ही म्हणालो. बक्षिसे तोपर्यंत वाटून झाली होती.