शब्द आणि सादृश्य : छायाचित्रशोधातील एका बेरजेची चिकित्सा

छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहातून हवे ते चित्र काढावयाचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्या मार्गात चित्रासोबतची टीप शोधली जाते. तीत स्थळ, काळ, व्यक्ती, छायाचित्रकार इत्यादींचा निर्देश असतो. दुसऱ्या मार्गात टिपेकडे न पाहता चित्रातील रंग, पोत आणि आकार यंत्राने मोजले जातात व नमुन्याच्या चित्राशी त्यांचे साम्य ठरविले जाते. हे दोन्ही मार्ग एकत्र आणावेत, ह्याविषयी अभ्यासकांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. परंतु ‘एकत्र आणणे’ म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न बहुधा गणिताचा म्हणून सोडविला गेला. वस्तुतः तो प्रथम अर्थाचा प्रश्न आहे.

ह्या विचाराला ‘इमेजक्लेफ’ ह्या परीक्षणमालेचा चांगला आधार मिळतो. तिचा आरंभ २००३ साली झाला. वेगवेगळ्या भाषांत विचारलेल्या प्रश्नांवरून छायाचित्रे शोधण्याच्या पद्धती एकाच संग्रहावर पारखून पाहाव्यात, हा तिचा उद्देश होता. पहिल्या वर्षांत स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा २८,१३३ ऐतिहासिक छायाचित्रांचा संग्रह वापरण्यात आला. ह्या संग्रहावर टिपांच्या आधारे केलेला शोध सरस ठरला, आणि दृश्यमापनाची त्यात फारशी मदत झाली नाही. बहुतेक चित्रे कृष्णधवल असल्याने रंगाच्या मोजमापाला वाव कमी होता, हे एक कारण. दुसरे कारण प्रश्नांच्या घडणीत होते. २००४ सालच्या एका प्रश्नात थॉमस रॉजर ह्याने काढलेली धर्मोपदेशकांची व्यक्तिचित्रे मागितली होती. समोरची व्यक्ती धर्मोपदेशक आहे, हे पोशाखावरून कदाचित ओळखता येईल. छायाचित्र कोणी काढले, हे मात्र चित्रात कोठेही दिसत नाही. ते कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

२००६ पासून ‘आयएपीआर टीसी-१२’ हा २०,००० रंगीत छायाचित्रांचा संग्रह घेण्यात आला. त्यातील पुष्कळशी चित्रे प्रवासातील आहेत. प्रत्येक प्रश्नासोबत नमुन्याची तीन चित्रे दिलेली होती. २००७ साली टिपांतील वर्णनाचा भाग मुद्दाम वगळण्यात आला. शीर्षक, स्थळ, दिनांक असा त्रोटक मजकूर राहिला. टीप अशी तोकडी झाल्यावर संयुक्त पद्धतींचा लाभ स्पष्ट दिसला. ह्यावरून संयोग सदैव हितकारक असतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे. चित्राविषयी जे लिहिलेले नव्हते व जे डोळ्यांना दिसत होते, तेवढेच दृश्यमापनाने भरून काढले, इतकाच त्याचा अर्थ.

संयोगाची सर्वांत प्रचलित रीत भारित बेरजेची आहे. टिपेला काही गुण, सादृश्याला काही गुण. दोहोंना ठरावीक प्रमाणाने गुणून त्यांची बेरीज करावयाची. ह्याच संग्रहातील एक प्रश्न घेऊन ही रीत तपासता येईल : ‘अमेरिकेतील सरळ रस्ता’. ह्या पदबंधात दोन विशेषणे असून त्यांचा स्वभाव निराळा आहे. ‘सरळ’ हे चित्रात दिसते आणि टीपकार ते क्वचितच लिहितो. ‘अमेरिकेतील’ हे टिपेतच असावयाचे. रस्त्याच्या रेषेवरून देश ठरत नाही. प्रश्नकर्त्याला दोन्ही अटी हव्या आहेत. बेरीज मात्र एका अटीची उणीव दुसरीने भरून काढू देते. अन्य देशातील अत्यंत सरळ रस्ता पुरेसे गुण मिळवून वर येतो, आणि अमेरिकेतील वळणाचा रस्ताही त्याच्या शेजारी येऊन बसतो. ‘आणि’ ह्या अव्ययाची जागा येथे ‘किंवा’ने घेतलेली असते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. टिपेत ‘अमेरिका’ हा शब्द नसण्याची दोन कारणे संभवतात : तेथे अन्य देशाचे नाव आहे, अथवा स्थळाचा उल्लेखच नाही. पहिला नकार आहे, दुसरे केवळ मौन. साध्या बेरजेत दोहोंनाही शून्यच मिळते. अटी कठोरपणे लावल्या, तरी मौनाला नकार समजून अपुऱ्या टिपांची चित्रे गमावली जातात. म्हणून होकार, नकार आणि मौन अशा तीन अवस्था वेगळ्या ठेवणे अवश्य आहे. आणि सादृश्याला खरा अधिकार मौनाच्या ठिकाणीच द्यावयास हवा.

सादृश्याने काय साधते, ह्याचा विचार न्यायदर्शनाने उपमानप्रमाणाच्या चर्चेत केलेला आहे. गवय हा गायीसारखा असतो, असे अरण्यवासीयाकडून ऐकलेला मनुष्य पुढे तसा पशू पाहतो आणि ‘हाच गवय’ हे जाणतो. सादृश्य त्याला वस्तूपर्यंत नेते. नाव मात्र आधी शब्दानेच मिळालेले असते. बेरजेहून वेगळी जी रीत ह्या परीक्षणमालेत पुढे आली, तिची घडण काहीशी अशीच आहे. तीत नमुन्यासारखी चित्रे प्रथम शोधावयाची, त्यांच्या टिपांतील शब्द घ्यावयाचे आणि त्या शब्दांनी संग्रह पुन्हा शोधावयाचा. येथे दोन प्रमाणे एकमेकांत न मिसळता एकापाठोपाठ काम करतात. पहिल्याच पायरीवर चुकीची चित्रे हाती आली तर चूक पुढे वाढत जाते, ही तिची मर्यादा होय. पण ती चूक कोठे झाली, हे दाखविता येते.

२०२१ साली ‘ओपनएआय’ने प्रसिद्ध केलेल्या ‘क्लिप’ ह्या प्रणालीने हा वाद मिटला, असे अनेकांस वाटते. ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवरून शिकलेली ही प्रणाली शब्द व चित्र एकाच अवकाशात मांडते. चित्राला टीप नसली तरी ते शब्दांनी शोधता येते. हे यश निःसंशय मोठे आहे. तथापि टीप येथे नाहीशी झालेली नसून शिकवणीच्या पोटात गेलेली आहे. जोड्या गोळा करताना वापरलेल्या शब्दसूचीचा पाया इंग्रजी विकिपीडियातील वारंवार येणारे शब्द हा होता. मराठीत पगडी, पागोटे आणि फेटा ह्या तीन निराळ्या वस्तू आहेत. इंग्रजीतील ‘टर्बन’ त्या तिन्हींना एकाच नावाखाली घेतो. नावांची ही विभागणीच शिकवणीत विरळ असेल, तर चित्रातील भेद स्पष्ट असूनही तो मागण्याची सोय राहत नाही. त्याच वर्षी ह्या प्रणालीच्या निर्मात्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सफरचंदावर ‘आयपॉड’ असे लिहिलेला कागद चिकटविला, की तिला ते फळ आयपॉड वाटते. चित्रात दिसलेले अक्षर आणि चित्राविषयीचे विधान ह्यांतील भेद तेथे पुसला गेला आहे.

म्हणून संयुक्त पद्धतीची परीक्षा केवळ अचूकतेच्या आकड्यावर थांबविता कामा नये. प्रश्नातील कोणते पद कोणत्या प्रमाणाने तपासले, टीप कोठे मूक होती, आणि पुढे आलेले चित्र लिखिताच्या आधारे आले की सादृश्याच्या, हे शोधकर्त्याला कळावयास हवे. छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्या इतिहासकाराला आणि समाजशास्त्रज्ञाला हा भेद विशेष मोलाचा आहे; कारण यंत्राने केवळ साम्यावरून सुचविलेले स्थळनाम एकदा सूचीत शिरले, की पुढचा वाचक त्याला कोणीतरी पाहून लिहिलेली नोंद समजतो.