पॉन्स रोजेचें प्रायश्चित्तपत्र : ली यांच्या विवेचनाचा परामर्श

हेन्री चार्ल्स ली यांचा मध्ययुगीन इन्क्विझिशनचा त्रिखंडात्मक इतिहास १८८७-८८ सालीं प्रसिद्ध झाला. मूळ कागदपत्रांच्या आधारें लिहिलेला हा ग्रंथ अभ्यासकांस अद्यापि टाळतां येत नाहीं. पाखंड्यांच्या प्रायश्चित्तांचें वर्णन करतांना त्यांनीं सेंट डॉमिनिकच्या ज्या पत्राचा उपयोग केला आहे, त्याविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे.

पत्र १२०८ च्या सुमाराचें, लांगदॉक प्रांतांतलें आहे. पाखंड सोडून आलेल्या पॉन्स रोजे यानें तीन रविवारीं, कमरेपर्यंत उघडा होऊन, पाद्र्याचे फटके खात गांवच्या वेशीपासून चर्चपर्यंत जावें. मांस, अंडीं व चीज सदैव वर्ज्य करावीं. वर्षांतून तीन वेळां चाळीस दिवसांचे उपवास करून त्यांत मासेही खाऊं नयेत. आठवड्यांतून तीन दिवस मासे, तेल व मद्य सोडावें. छातीवर दोन लहान क्रूस शिवावे. आणि हें पत्र दरमहा पाद्र्यास दाखवावें, अशीं त्यांत कलमें आहेत. आजारीपणांत व उन्हाळ्याच्या कष्टांत सवलतही आहे.

डॉमिनिक इन्क्विझिशनचा संस्थापक नव्हे, हें ली यांस मान्यच आहे. तथापि त्या न्यायसभेच्या शिक्षांच्या प्रकरणांत हें पत्र आल्यानें वाचकाचा घोटाळा होतो. पोपचे नेमलेले न्यायाधीश ग्रेगरी नवव्याच्या कारकीर्दींत, १२३० नंतर आले. डॉमिनिक १२२१ सालींच वारला होता. पत्रांतील अधिकार पोपचा वकील, सीतोचा मठाधिपति, याच्याकडून आलेला आहे. गोमंतकांत १५६० सालीं स्थापन झालेल्या न्यायसभेचा इतिहास परिचित असल्यामुळें आमच्या वाचकांकडूनही हा कालविपर्यास सहज होण्यासारखा आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा अन्नाचा. कॅथर पंथाचे दीक्षित लोक मांस, अंडीं व चीज खात नसत, वर्षांत तीन दीर्घ उपवास करीत, आणि आठवड्यांतील तीन दिवस भाकरी व पाण्यावर काढीत. म्हणजे पॉन्सला जें प्रायश्चित्त मिळालें तें बहुतांशीं त्यानें टाकलेल्या पंथाचेंच व्रत होतें! भेद एकाच कलमांत आहे : ईस्टर, पेंटेकॉस्ट व नाताळ या दिवशीं पूर्वमताचा त्याग दर्शविण्यासाठीं त्यानें वर्ज्य पदार्थ खावेच. कॅथरांच्या मतें मांस ही दुष्ट सृष्टीची उत्पत्ति. चर्चच्या मतें देवाची देणगी, केवळ देहदंडासाठीं सोडावयाची. १०५१ सालीं गोस्लार येथें कोंबडें मारण्यास नकार देणाऱ्यांस पाखंडी म्हणून फांशीं दिल्याचें नमूद आहे. अशा काळांत वर्षभर मांस न खाणाऱ्या माणसाकडे शेजारी कोणत्या दृष्टीनें पाहत असतील? पत्र व क्रूस हे अपमानाचे, तसेच संरक्षणाचेही साधन होते, असें आम्हांस वाटतें.

ली यांच्या प्रकरणांत फटके व क्रूस ठळक दिसतात, परंतु तीन सणांच्या जेवणांतली परीक्षा झांकून जाते. त्यायोगें त्यांच्या ग्रंथाची योग्यता उणी होत नाहीं. मात्र हें पत्र शिक्षांच्या यादींतून काढून, कॅथर व्रतनियमांशेजारीं ठेवून वाचावें, अशी आमची अभ्यासकांस सूचना आहे.