जशास तसे, पण कालव्याच्या शेवटाला काय? : ॲक्सलरॉडच्या स्पर्धेचं एक फेरवाचन

(पिंपरी पेंढार इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आज आपण एका पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. रॉबर्ट ॲक्सलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं 'द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन', प्रकाशन १९८४. सहकार्यावर कुठेही भाषण झालं की या पुस्तकाचा दाखला येतो आणि शेवटी एकच वाक्य उरतं: संगणकानं सिद्ध केलंय, जशास तसे वागणारा जिंकतो. आमचं म्हणणं असं, की पुस्तक मोठं आहे, पण हे वाक्य अर्धवट आहे. आणि आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ते तसंच वापरलं तर नुकसान नेमकं दुबळ्याचं होतं.

आधी खेळ समजून घेऊ. त्याचं नाव प्रिझनर्स डिलेमा, आपण कैद्यांचा पेच म्हणू. दोन खेळाडू. प्रत्येकानं दुसऱ्याला न विचारता ठरवायचं, साथ द्यायची की दगा. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी ३ गुण. दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकानं साथ दिली आणि दुसऱ्यानं दगा, तर दगेबाजाला ५ आणि साथ देणाऱ्याला शून्य. एकदाच खेळायचं असेल तर हिशेबी माणूस दगाच देईल, कारण समोरचा काहीही करो, दग्यात त्याला जास्त मिळतं. पण तोच माणूस उद्या पुन्हा भेटणार असेल तर? इथून खरी गंमत सुरू होते.

ॲक्सलरॉडनं जाणकारांना आवाहन केलं, की तुमची चाल संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये लिहून पाठवा. पहिल्या स्पर्धेत १४ प्रोग्रॅम आले, आणि स्वैर चाल खेळणारा एक त्यानं स्वतः घातला. प्रत्येक सामना २०० फेऱ्यांचा. काहींनी मोठमोठे प्रोग्रॅम लिहिले होते, समोरच्याचा अंदाज घेणारे, मधूनच हळूच एखादा दगा देऊन बघणारे. जिंकला तो सगळ्यांत छोटा, अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला 'टिट फॉर टॅट'. नियम दोनच: पहिल्या फेरीत साथ, त्यानंतर समोरच्यानं मागच्या फेरीत जे केलं तेच. हे निकाल सगळ्यांना कळवून दुसरी स्पर्धा घेतली. ६२ प्रोग्रॅम आले, सहा देशांतून. पुन्हा तोच जिंकला.

आता इथं एक गोष्ट नीट बघा. टिट फॉर टॅट एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. आधी दगा देतच नाही, तर पुढे जाणार कसा? एक तर बरोबरी, नाही तर थोडक्यात हार. तरी एकूण बेरजेत तो वर आला, कारण समोरच्याकडून साथ मिळवण्यात तो पटाईत होता. पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग आम्हाला हा वाटतो. शेजाऱ्याचं किती पिकलं हे मोजत बसू नका, हा सल्ला ॲक्सलरॉड गणितातून काढून दाखवतो.

म्हणूनच 'जशास तसे' हे मराठी भाषांतर आम्हाला खटकतं. आपल्याकडे जशास तसे म्हटलं की बाह्या सरसावलेला माणूस दिसतो. या प्रोग्रॅममध्ये पहिलं पाऊल साथीचं आहे, आणि समोरचा सुधारला की मागचं सगळं विसरणं आहे. आम्ही त्याला 'परतफेड' म्हणू. परतफेड उपकाराचीही असते आणि अपकाराचीही.

इतकं कौतुक झालं. आता तक्रारी.

पहिली तक्रार: विजेता कोण, हे मैदानात कोण आलंय त्यावर ठरतं. हे पडताळायला मोठा संगणक लागत नाही, वही पुरते. तीन खेळाडू घ्या: सदासाथ, सदादगा आणि परतफेड. २०० फेऱ्या, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, आणि ॲक्सलरॉडच्या पद्धतीनं स्वतःच्या जुळ्याशीही एक. सदादगा सदासाथकडून १००० गुण लुटतो, जुळ्याशी २०० आणि परतफेडीशी २०४ मिळवतो. बेरीज १४०४. परतफेडीचे ६००, ६०० आणि १९९, म्हणजे १३९९. सदासाथचे १२००. दगेबाज पाच गुणांनी पहिला!

आता चौथा खेळाडू आणा: कायम अबोला. हा साथीनं सुरू करतो, पण एकदा दगा झाला की पुन्हा कधीच साथ देत नाही. त्यालाही दगेबाजाशी १९९ आणि बाकीच्यांशी ६०० मिळतात. नवी बेरीज बघा: परतफेड आणि अबोला प्रत्येकी १९९९, सदासाथ १८००, सदादगा १६०८. पहिला थेट शेवटचा झाला. दगेबाजाचा प्रोग्रॅम तोच होता. फक्त गावात वचक ठेवणारा एक माणूस वाढला. ॲक्सलरॉडला हे ठाऊक होतं. परिस्थितीपासून वेगळी काढलेली सर्वोत्तम चाल नसते, असं तो स्वतःच सांगतो. पण पुस्तकाचा सूर असा, की वाचक ते विसरतो आणि विजेत्याचं नाव तेवढं घरी घेऊन जातो.

दुसरी तक्रार चुकीबद्दल. त्या स्पर्धेत साथ द्यायची म्हटली की साथच पोचायची. आपल्याकडे? सावडीला बैल पाठवायचा होता, बैल लंगडला. समोरच्याला वाटलं, टाळलं. आता दोन परतफेडवाले घ्या आणि एकाच फेरीत एकाच्या हातून चूक होऊ द्या. पहिला दगा देतो, दुसरा पुढच्या फेरीत फेडतो, मग पहिला फेडतो, आणि हे थांबत नाही. दोन फेऱ्यांत सहा गुण मिळायचे तिथं पाच मिळू लागतात. अधूनमधून अशा चुका होतच राहिल्या, तर दीर्घकाळात दोघांची सरासरी २.२५ वर येते. नाणं उडवून खेळणाऱ्या दोघांना मिळतात तेवढेच गुण! बांधावरून सुरू झालेलं भांडण नातवांपर्यंत कसं पोचतं, त्याचं हे गणित आहे.

यावर पुढे नोवाक आणि सिग्मुंड यांनी काम केलं. १९९२ साली त्यांनी उदार परतफेड मांडली: दग्याला दरवेळी दगा नाही, मधूनमधून माफी. वरच्या गुणांच्या हिशेबात ती माफी साधारण तीन वेळांतून एकदा बसते. १९९३ साली त्यांनीच 'पाव्हलॉव्ह' ही चाल पुढे आणली: चांगलं मिळालं तर तेच करा, वाईट मिळालं तर बदला. असे दोघं खेळत असताना एकाची चूक झाली, की पुढच्या फेरीत दोघंही दगा देतात, दोघांनाही एकेक गुण मिळतो, दोघंही बदलतात आणि साथ परत येते. भांडण दोन फेऱ्यांत मिटलं.

आणि आपल्या डोंगराकडच्या बाजूला याहून सोपा उपाय आहे: विचारणं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली पडकई तुम्हाला माहीत आहे. उतारावर बांध घालून भातखाचरं करायची, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. आदिवासींची ही जुनी पद्धत पुढे सरकारी योजनांना जोडली गेली. आंबेगावात आदिवासींसोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ साली इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकईला एखादा आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारता येतं, बाबा, का आला नाहीस? ॲक्सलरॉडच्या खेळात बोलायलाच बंदी आहे. बोलणं काढून टाकलेल्या सहकार्यावरून गावाच्या सहकार्याचे निष्कर्ष काढताना जपून राहावं लागतं.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. या खेळात दोघांच्या हातात सारखंच हत्यार आहे. मी दगा दिला तर तूही देऊ शकतोस. आता कुकडी प्रकल्प डोळ्यांपुढे आणा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगा ही पाच धरणं आपल्या दोन तालुक्यांत, आणि पाणी जातं पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. वरच्यानं दार जास्त वेळ उघडं ठेवलं, तर खालचा परतफेड कशी करणार? पाणी उलटं वाहत नाही. शेवटच्या चारीवरचा शेतकरी स्वभावानं कितीही खमका असला, तरी त्याला सदासाथच खेळावं लागतं. आणि सदासाथ विरुद्ध सदादगा, २०० फेऱ्यांचा निकाल आपण आत्ताच पाहिला: शून्य आणि १०००. अशा माणसाला 'जशास तसे वाग' असं सांगणं म्हणजे थट्टाच.

आपण इथं वरच्या बाजूला बसलो आहोत, म्हणून हे इथंच बोलायला हवं. टेलच्या गावात बोललो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या, उपयोग झाला नसता.

मग उपाय काय? चाल बदलून भागत नाही, खेळ बदलावा लागतो. शेजपाळीत शेवटाकडून वर पाणी देत येण्याची पद्धत याचसाठी आहे. खालच्याचं भिजल्याशिवाय वरच्याची पाळी येत नाही, म्हणजे खालच्याचं भिजणं ही वरच्याचीही गरज होते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलच्या, ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घेतलं. पुढे पूर्ण प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांनी हाती घेतला. २००५ साली राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही आला. मोजमाप, पाळीपत्रक, संस्था या तिन्ही गोष्टी ॲक्सलरॉडच्या प्रोग्रॅममध्ये नाहीत, आणि कालव्यावरचं सहकार्य त्यांच्यावरच उभं आहे.

संघटनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००४ साली ही स्पर्धा पुन्हा झाली, तेव्हा साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटानं ६० प्रोग्रॅम पाठवले. पहिल्या काही फेऱ्यांतल्या ठरावीक चालीवरून ते एकमेकांना ओळखत. आपलाच गडी आहे असं कळलं की एक जण मुद्दाम हरे आणि दुसऱ्याला पाच-पाच गुण देई. परका असला तर दगा. पहिले तीन क्रमांक त्यांचे आले, आणि त्यांचेच कितीतरी प्रोग्रॅम तळाला गेले. यालाही कुणी सहकार्यच म्हणेल. म्हणून नुसती एकी पुरत नाही. त्या एकीत कोण कायम हरतंय, हे विचारावं लागतं.

एवढं सगळं बोलूनही पुस्तक वाचाच, असं आम्ही सांगू. आणि वाचून थांबू नका. आज पायथॉनमध्ये 'ॲक्सलरॉड' नावाचंच मोफत साहित्य आहे, दोनशेहून जास्त चाली तयार लिहिलेल्या. शाळा-कॉलेजच्या मुलांनी स्पर्धा घ्यावी. फक्त एक फेरी आमच्या सांगण्यावरून जास्त घ्या: दोघांपैकी एका खेळाडूचं दग्याचं बटण काढून टाका. मग वरच्या खेळाडूनं साथ द्यावी म्हणून नियम काय असावा, ते मुलांना लिहायला सांगा. तो प्रोग्रॅम परतफेडीइतका छोटा होणार नाही. पण तो आपल्या कालव्याला लागू पडेल.

आता प्रश्न घेऊ.