विस्कटलेले चित्र आणि गुप्त चित्र

महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह योजावयाचे, हे सकळ लिपीचे तत्त्व होय. लेखन अगम्य दिसे. परंतु भाषा मराठीच राही आणि तिचे विभक्तिप्रत्यय व अक्षरांची वारंवारता अबाधित राहत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. अगम्य दिसणे आणि गुप्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिजिटल रंगीत चित्रांच्या कूटलेखनावर आज जे विपुल लेखन होत आहे, त्याचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे.

रंगीत चित्राचा प्रत्येक बिंदू म्हणजे तांबडा, हिरवा व निळा या रंगांच्या 0 ते 255 मधील तीन संख्या. लेस्टर हिल यांनी 1929 साली मांडलेल्या पद्धतीनुसार या त्रयीस 3×3 मॅट्रिक्सने गुणून 256 ने भागावे व बाकी घ्यावी. मॅट्रिक्सचा निर्धारक विषम असला म्हणजे चित्र परत मिळविता येते. मात्र काळा बिंदू काळाच राहतो, आणि एकरंगी पृष्ठभाग एकरंगीच राहिल्याने आकृतीची बाह्यरेषा दिसत राहते. हा दोष झाकण्यासाठी केऑस सिद्धान्ताचे साह्य घेतात : आर्नोल्डच्या रूपांतरणाने बिंदूंची स्थाने विस्कटतात. परंतु 256×256 च्या चित्रावर तेच रूपांतरण 192 वेळा केले की मूळ चित्र जसेच्या तसे परत येते.

याहून मूलगामी आक्षेप असा की, किल्ली कायम असेल तर विस्कटणे व गुणणे या दोन्ही क्रिया रेषीय असल्यामुळे त्यांचा संयोगही रेषीयच ठरतो. प्रतिपक्षाला स्वतःची चित्रे कूटबद्ध करून घेता आली, तर तीन एकरंगी चित्रांतून मॅट्रिक्स हाती येते. कारण एकरंगी चित्रावर स्थानबदलाचा परिणामच होत नाही. मग 65,536 बिंदूंना निरनिराळे रंग दिलेले चौथे चित्र संपूर्ण स्थानक्रम उघड करते. किल्ल्यांची अफाट संख्या येथे निरुपयोगी ठरते.

शेजारच्या बिंदूंतील सहसंबंध शून्याजवळ आला, एवढ्यावर अनेक प्रबंध समाधान मानतात. ते प्रमाण आवश्यक आहे, पुरेसे नाही. क्लॉड शॅनन यांनी 1949 सालीच संभ्रम व प्रसार ही दोन तत्त्वे सांगितली. एका बिंदूतील बदल सर्व चित्रभर पसरला पाहिजे, क्रिया अरेषीय असली पाहिजे, आणि प्रत्येक चित्रासाठी नवे बीज वापरले पाहिजे. केऑसचे खरे कार्य येथे आहे, केवळ विस्कटण्यात नव्हे.

सावेडीतील एखाद्या दवाखान्यातून रुग्णाच्या जखमेचे रंगीत चित्र पुण्यातील तज्ज्ञाकडे पाठवावयाचे असेल, तर रुग्णाची अब्रू सांभाळण्याची जबाबदारी त्या पद्धतीवर पडते. म्हणून नव्या पद्धतीच्या कर्त्याने प्रथम ती स्वतःच फोडून पाहावी, आणि मगच तिला सुरक्षित म्हणावे.