सुट्टीतला सिनेमा आणि शाळेचे वेळापत्रक

मराठीत मुलांच्या चित्रपटाला पुरस्कारांचा तोटा कधी पडला नाही. तोटा पडला तो प्रेक्षकांचा, तोही मुलांचाच. ‘नाळ भाग 2’ला 2023 सालचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातली तिन्ही मुले बालकलाकाराच्या पुरस्काराची मानकरी ठरली. हा चित्रपट 10 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन दिवाळीत लागला होता. मुलांचा चित्रपट मुलांच्या सुट्टीत लागावा यात नवल करण्यासारखे काही नाही. तरी नवल वाटते, कारण असे क्वचितच घडते.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेली पिढी सुट्टीतला म्हणून जो सिनेमा आठवते, तो बहुतेक मोठ्यांचाच होता. गणेशोत्सवात रस्त्यात आडवा पडदा बांधून 16 मिलिमीटरचे चित्रपट दाखवले जात. उशिरा येणाऱ्यांना पडद्यामागे बसावे लागे. तिथून नावे उलटी दिसत आणि सगळे नायक डावखुरे. जत्रेतल्या तंबूची तऱ्हा याहून फारशी निराळी नव्हती. पुढे दूरदर्शन आले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुणे परिसरात पोचले. भोर तालुक्यातल्या कामथडी, नसरापूर या पट्ट्यातल्या कौलांवर अँटेना उभे राहिले. शनिवारचा मराठी चित्रपट, ‘किलबिल’, ‘चिमणराव’ आणि नंतर ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची राजदत्त यांची ‘गोट्या’ ही त्या पिढीची शिदोरी.

त्या शिदोरीतला ‘श्यामची आई’ (1953) हा मानबिंदू खराच, पण त्यात आई सांगते आणि मूल ऐकते. तो एका मोठ्या माणसाने आठवलेल्या बालपणाचा चित्रपट आहे. ‘झपाटलेला’तला (1993) तात्या विंचू मुलांनी स्वतःहून आपलासा केला, याचे श्रेय रामदास पाध्यांच्या बाहुल्याला. त्या काळातले बाकीचे विनोदी चित्रपट टीव्हीवर फार वेळा लागले म्हणून लक्षात राहिले, इतकेच.

खरा बालचित्रपट मराठीत आला तो 2008च्या ‘टिंग्या’पासून. मंगेश हाडवळे यांनी जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराला प्रश्न विचारायला लावला: बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून अधू झालेला चितंग्या बैल कसायाला द्यायचा, मग शेजारच्या आजारी म्हातारीला दवाखान्यात का न्यायचे? घरातल्या कुणापाशी याचे उत्तर नसते आणि चित्रपटही ते देत नाही. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (2014) ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून पंढरपूरच्या गर्दीत आईच्या नकळत बांगड्यांचे दुकान मांडतात. तिथे भाव ठरतात, गिऱ्हाईक ओढले जाते, मित्रांत भांडणे होतात आणि विठ्ठल कुठेही मदतीला धावून येत नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त पुण्याहून कोकणात आलेल्या चिन्मयला नवे मित्र भर पावसात किल्ल्यात एकटा सोडून निघून जातात. तो किल्ला फिरून पाहतो, घाबरतो, बाहेर येतो. त्यावर कुणी भाषण देत नाही. ‘नाळ’मधला (2018) चैत्या आपल्या जन्माचे कोडे कुणाच्या मदतीवाचून सोडवू पाहतो. या चारही चित्रपटांत निर्णय मुलाचा आहे आणि त्याची किंमतही मूलच मोजते. ‘श्यामची आई’नंतर साठ वर्षांत मराठी पडद्याने केलेली ही सर्वांत मोठी कमाई होय.

आता या कमाईचे काय झाले ते पाहावे. ‘टिंग्या’ 21 मार्चला, वार्षिक परीक्षांच्या तोंडावर लागला. ‘किल्ला’ला बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी 2014मध्ये क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला, महाराष्ट्रात तो 26 जून 2015ला, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर आला. ज्या वयाच्या मुलांनी तिकडे तो निवडला, त्याच वयाची मुले इकडे नव्या वह्यांना कव्हरे घालत होती. त्याच वर्षी मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम हवा यावरून मोठे रण माजले. भाषेसाठी वेळ मागितली गेली आणि मुलांसाठी मागायचे कुणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

सुट्टीत मुलांच्या चित्रपटाला मिळायला हवी ती जागा आता शिवकालीन चित्रपट बळकावत आहेत. त्यांच्याबद्दल एवढेच म्हणता येईल की त्यांत मुलांना घोषणा द्यायचे काम असते. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ज्या भोर-वेल्ह्यात उभे आहेत, तिथल्या मुलांना संगणकाने रचलेला बुरूज दाखवून कसला इतिहास शिकवणार? हीच मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात, बुरूज ढासळला की चिखल थापून पुन्हा उभारतात आणि कुठला मावळा कुठे ठेवायचा यावरून हमरीतुमरीवर येतात. या एका खेळात जेवढे स्वातंत्र्य आहे तेवढे त्या सगळ्या शिवकालीन चित्रपटांत मिळून नाही.

चित्रपटगृहांना धंदा करायचा आहे, हा युक्तिवाद ठरलेला. तो मान्य केला तरी सरकारी वाहिनीला तो लागू होत नाही. 1955मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती 2022मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचा संग्रह आज त्या महामंडळाकडे आहे. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी कामथडीतही दिसते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत रोज दुपारी चार वाजता एक बालचित्रपट दाखवायला नवा कायदा लागत नाही आणि नवे अनुदानही लागत नाही. सह्याद्रीने येत्या मे महिन्यापासून ते सुरू करावे, आणि पहिल्या दिवशी ‘टिंग्या’ लावावा.