तोंडं मोजली, ताटं राहिली

पॉल एर्लिक यांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' (१९६८) पर्यावरणाच्या चर्चेत आजही डोकावतं. 'खरा प्रश्न लोकसंख्येचा' असं कोणी म्हटलं की समजावं, एर्लिक बोलताहेत.

पुस्तकाची सुरुवात दिल्लीत होते. उकाड्याची रात्र, टॅक्सीत लेखकाचं कुटुंब, बाहेर रस्त्यावर जेवणारी, झोपणारी माणसं. लोकसंख्येचा प्रश्न आपल्याला तिथे जाणवला, असं एर्लिक सांगतात. पण त्या काळी पॅरिस महानगरात दिल्लीच्या दुपटीहून जास्त लोक राहत होते. एर्लिकना दिसली ती गरिबी. तिला त्यांनी गर्दी म्हटलं.

सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, हे त्यांचं भाकीत चुकलं. ही टीका जुनी आहे. माझा आक्षेप त्यांच्या मोजमापावर आहे. अमेरिकनांच्या उधळपट्टीवर ते लिहितात, हे मान्य. पण तीन किंवा अधिक मुलं असलेल्या भारतीय पुरुषांच्या नसबंदीसाठी अमेरिकेने हेलिकॉप्टरं आणि शस्त्रक्रियेची साधनं द्यायला हवी होती, असंही ते लिहितात. अमेरिकेच्या ताटातल्या बीफसाठी हेलिकॉप्टर कुठेच उडत नाही. आपल्याला हे परकं वाटू नये. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं.

आज ताटाचा हिशोब उपलब्ध आहे. पूर आणि नेमेचेक यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार जगातली ८३ टक्के शेतजमीन मांस, दूध, अंडी आणि मत्स्यशेतीसाठी लागते; त्यातून उष्मांक मिळतात फक्त १८ टक्के. म्हणजे किती माणसं जेवतात याइतकंच ती काय जेवतात हेही महत्त्वाचं.

यावर 'आम्ही तर शाकाहारी' म्हणून निवांत होऊ नका. त्याच अभ्यासात किलोमागे चीजचं सरासरी उत्सर्जन चिकनच्या दुपटीहून अधिक आहे. डाळ-भाताची जागा चीज पिझ्झाने घेतली, तर शाकाहार टिकतो, पण हिशोब बिघडतो.

एर्लिक जरूर वाचा, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. आपण देश सोडून इकडे आलो, तेव्हा जगाची लोकसंख्या एकानेही वाढली नाही. आपलं ताट, फ्रीज आणि कचऱ्याचा डबा मात्र वाढला. तो फरक या पुस्तकाच्या मोजपट्टीवर नीट उमटत नाही.