हृदयारोग्य-उपक्रमांचे मूल्यमापन : प्रश्नाच्या भाषेचा विचार

रुग्णांसाठी चालविल्या जाणाऱ्या लहान हृदयारोग्य-उपक्रमांच्या यशाचे सामान्यतः दोन पुरावे दिले जातात : अखेरीस उतरलेला रक्तदाब आणि प्रश्नावलीतील अनुकूल उत्तरे. वस्तुतः हे दोन्ही पुरावे वाटतात तितके भक्कम नाहीत.

पहिल्याची उणीव संख्याशास्त्राला परिचित आहे. एकाच मोजणीत रक्तदाब चढलेला आढळला म्हणून तीस रुग्ण निवडले, तर उपक्रमावाचूनही पुढील मोजणीत त्यांची सरासरी काहीशी उतरते. मध्याकडे परतण्याची ही प्रवृत्ती गाल्टनने १८८६ साली विशद केली. तुलनेसाठी दुसरा गट नसता ही उतरण उपक्रमाच्या खाती जमा करणे सयुक्तिक नव्हे.

दुसरी उणीव भाषेची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालीसारख्या गावी असा उपक्रम योजल्यास ‘मीठ कमी खाता ना?’ हा प्रश्न सहज विचारला जाईल. त्यातील ‘ना’ होकाराची अपेक्षा आधीच सुचवितो. विचारणारा आरोग्यसेवक असेल तर नकार देणे अवघड होते. शिवाय ‘मीठ’ म्हणजे स्वयंपाकात हाताने घातलेले, असा अर्थ घेतला गेल्यास खारवलेली मासळी, लोणचे, पापड, खारातली कैरी ही सारी हिशेबाबाहेर राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या दिवसाला ५ ग्रॅमच्या मर्यादेत मात्र ती येतात. अशा वेळी उत्तर प्रामाणिक असूनही माहिती चुकीची ठरते.

‘बीपी आहे’ हा प्रयोग याहून घातक होय. रक्तदाब प्रत्येकालाच असतो. बोलण्यात मात्र ‘बीपी असणे’ म्हणजे तो वाढलेला असणे. साहजिकच आकडा उतरला की ‘बीपी गेले’ असे समजून गोळी सोडली जाते. उपक्रमाचे यशच अशा रीतीने पुढील पक्षाघाताचे निमित्त होऊ शकते, आणि समारोपाच्या दिवशीच्या मोजणीत त्याचा मागमूसही नसतो.

२०१७ साली आरंभ झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत शेजारचा सिंधुदुर्ग होता. तेथील कसोटी अधिक कठोर आहे : नोंदलेल्या रुग्णांपैकी कितीजणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, हे पाहताना तपासणीस न आलेलेही हिशेबात धरले जातात. लहान उपक्रमांनी निदान एवढे उचलावे. त्याखेरीज प्रश्नावली छापण्यापूर्वी पाचसहा रुग्णांकडून प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत वदवून घ्यावा आणि ‘ना’ गाळून ‘काल जेवणात काय काय होते?’ असे विचारावे. रक्तदाबमापक यंत्र तपासून घेतले जाते. प्रश्न हेही मोजमापाचे साधनच असल्यामुळे त्याचीही तशीच पारख व्हावयास हवी.